डिव्हाइस ट्रीचं कूळ

नेटवर्क चिपचा नवा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये द्यायचा, तर त्याच्यासोबत वेगळ्या पॅचमध्ये एक लहानशी फाइल द्यावी लागते: बाइंडिंग. चिपची रजिस्टरं, इंटरप्ट, क्लॉक ही माहिती बोर्डाच्या वर्णनात, म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये, कोणत्या नावांनी लिहायची, ते ती ठरवते. रिव्ह्यूमध्ये या फाइलीतल्या एकेका नावावर वाद होतात. नवख्याला तो हट्ट वाटतो. मला तो हट्ट रास्त वाटतो, आणि त्याचं कारण या पद्धतीच्या कुळात आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या 1989 च्या स्पार्कस्टेशन 1 मध्ये ओपनबूट नावाचं फर्मवेअर होतं. मिच ब्रॅडली यांनी ते फोर्थ भाषेच्या पायावर उभं केलं. एसबसच्या स्लॉटमध्ये कार्ड बसवलं की कार्डावरच्या रॉममधला एफकोड चालायचा आणि कार्ड आपली माहिती आपणच द्यायचं. त्या माहितीचं झाड फर्मवेअर रचायचं. ते वाचणारी ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, याच्याशी झाडाला देणंघेणं नव्हतं. 1994 मध्ये हीच कल्पना आयईईई 1275 या मानकात आली. नेटवर्क कार्डासाठीचा ‘लोकल-मॅक-अ‍ॅड्रेस’ हा गुणधर्म त्या मानकातला. आजच्या वायफाय राउटरच्या वर्णनातही तो त्याच नावाने असतो.

लहान एम्बेडेड बोर्डांवर एवढं मोठं फर्मवेअर कुठून असणार? म्हणून 2005 च्या सुमारास पॉवरपीसी लिनक्सवर काम करणाऱ्या बेंजामिन हेरेनश्मिट आणि सहकाऱ्यांनी तेच झाड एका सपाट बायनरी फाइलीत बसवलं. मजकुरातून ती फाइल बनवायला डीटीसी हा कम्पायलर आला. फाइलीतले आकडे आजही बिग-एंडियन क्रमाने असतात, लिटल-एंडियन एआरएम बोर्डावरसुद्धा. ही पॉवरपीसीकडून आलेली खूण. पण एक गोष्ट मुळापासून बदलली. आता कार्ड स्वतः बोलत नव्हतं. त्याच्या वतीने माणूस लिहू लागला, आणि माणूस बहुधा ड्रायव्हर समोर ठेवून लिहितो.

मार्च 2011 मध्ये एआरएमच्या कोडवर लिनस टॉरवाल्ड्स उघडपणे चिडले. तिथे प्रत्येक बोर्डाची स्वतंत्र सी फाइल असे आणि त्यांचा नुसता ढीग साचला होता. त्यानंतर एआरएम झपाट्याने डिव्हाइस ट्रीकडे वळलं, आणि माणसाने लिहिलेली वर्णनं अफाट वाढली. बाइंडिंग पूर्वी साध्या मजकुरात असत. रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने 2019 पासून ती यामल स्कीमात येऊ लागली. त्यामुळे चुकलेलं नाव किंवा राहून गेलेला गुणधर्म यंत्रच पकडतं. लिहिलेलं खरं आहे का, हे मात्र रिव्ह्यू करणाऱ्यालाच विचारावं लागतं.

‘फाय-मोड’ हा गुणधर्म बघा. नेटवर्क कंट्रोलर आणि केबलकडची फाय चिप एकमेकांशी कशा जोडल्या आहेत, ते तो सांगतो; आरजीएमआयआय ही त्यातली एक पद्धत. गिगाबिट आरजीएमआयआयमध्ये क्लॉक 125 मेगाहर्ट्झचं असतं आणि त्याच्या दोन्ही कडांवर डेटा जातो, म्हणजे एका बिटाला 4 नॅनोसेकंद. क्लॉक डेटाच्या मागे साधारण 2 नॅनोसेकंद राहिलं, तरच बिट नीट वाचता येतो. हा विलंब बोर्डावरच्या लांब ट्रेसमधून येत असेल तर ‘आरजीएमआयआय’ लिहायचं. चिपने घालायचा असेल तर ‘आरजीएमआयआय-आयडी’. अनेक बोर्डांच्या वर्णनात नुसतं ‘आरजीएमआयआय’ होतं. तिथे एथेरॉसची फाय चिप रीसेटनंतर विलंब आपोआप चालू ठेवायची आणि ड्रायव्हर तो बंद करत नव्हता, म्हणून सगळं सुरळीत चाललं. 2019 मध्ये ड्रायव्हर वर्णनाप्रमाणे वागू लागला, विलंब बंद झाला आणि त्या बोर्डांवरचं नेटवर्क पडलं. शेवटी बोर्डांची वर्णनं दुरुस्त करावी लागली. जुनं वर्णन फ्लॅशमध्ये तसंच राहतं आणि नव्या कर्नलला त्याच्यासोबत चालावं लागतं, त्यामुळे अशी दुरुस्ती सोपी नसते. म्हणूनच आता कोणी ‘आरजीएमआयआय’ लिहून पाठवलं की रिव्ह्यूमध्ये हमखास विचारतात: बोर्डावर क्लॉकची ट्रेस खरंच लांब ठेवली आहे का?