लातूरचे जुने रेल्वेस्थानक आणि गंजगोलाई

वाहतुकीच्या स्थानकाभोवती वस्ती, बाजार व व्यवसाय यांची दाट मांडणी करून अवनत नगरविभागास नवजीवन द्यावे, ह्या विचारास अलीकडे नगररचनाशास्त्रात मोठा मान मिळाला आहे. अमेरिकन वास्तुविशारद पीटर कॅल्थॉर्प यांनी १९९३ साली तो ग्रंथरूपाने मांडला. २०१७ साली भारत सरकारने तद्विषयक राष्ट्रीय धोरण जाहीर केले. परंतु विचार नवा असला तरी वस्तुस्थिती जुनी आहे. मराठवाड्यात तिचा पहिला ठळक दाखला लातूर येथे सापडतो. योगायोग असा की, तेथे रेल्वे नेणाऱ्या अभियंत्याचे नावही ह्या वास्तुविशारदाच्या नावाशी मिळतेजुळते, एव्हरर्ड कॅलथ्रॉप असे होते.

कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा मार्ग १८९७ साली कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोड स्थानकाहून, बार्शीस पोहोचला. १९०७ मध्ये तो तडवळ्यापर्यंत व १९११ मध्ये लातूरपर्यंत वाढला. बार्शी इंग्रजी मुलखात, तर लातूर निजामाच्या राज्यात. बालाघाटाच्या पठारावरील कापूस, गळिताची धान्ये व डाळी ह्यांना त्यापूर्वी बैलगाडीखेरीज वाट नव्हती. आता लातूर हे मार्गाचे शेवटचे टोक झाले. ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मधल्या स्थानकावर गाडी क्षणभर थांबते आणि पुढे जाते. शेवटच्या टोकास मात्र चहूकडचा माल येऊन साठतो, त्याला वखार लागते, अडत्या लागतो, हमाल लागतो आणि उधार देणारा सावकारही लागतो.

रेल्वे आल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १९१७ साली, गंजगोलाईची मध्यवर्ती दुमजली इमारत उभी राहिली. तिचा आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, भोवती वर्तुळाकार बाजार आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. एकेका रस्त्यावर सोने, पादत्राणे, मिरची, गूळ, कापड अशा एकेका जिनसाची पेठ. स्थानक व गोलाई ह्यांतील कार्यकारणसंबंध केवळ कालानुक्रमावरून सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही सोळा दिशांनी गाड्या आत घेणारी रचना, येणाऱ्या मालाच्या प्रमाणाचा अंदाज बांधल्याशिवाय कोणी केली असेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. आजचे नगररचनाकार स्थानकाभोवती प्रवाशांची वस्ती कल्पितात. लातूरची घडण मालाभोवती झाली. पायी चालणाऱ्या माणसाच्या दहा मिनिटांच्या अंतराऐवजी भरलेल्या बैलगाडीचा वळसा हे तिचे मोजमाप होते.

नांदेडची कथा निराळी. हैदराबाद–मनमाड हा मीटरमापी मार्ग १८९९ ते १९०१ ह्या काळात पुरा झाला, तेव्हा नांदेड हे गोदावरीच्या काठचे जुने तीर्थनगर होतेच. १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान तेथे झाले. गुरुद्वाऱ्याची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात उभी राहिली. रेल्वेने हे नगर निर्माण केले नाही. तिने त्याचे तोंड नदीकडून उत्तरेकडे वळविले आणि घाट व स्थानक ह्यांमधील वजिराबादसारख्या भागास महत्त्व आणले. नांदेडचे स्थानक रुंदमापी झाले तरी शहरातच राहिले. २००८ साली गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त शहराची जी पुनर्रचना झाली, तिला ही अखंडता उपकारक ठरली.

लातूरला हे भाग्य लाभले नाही. १ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट रेल्वे सरकारने विकत घेतली; पण अरुंद मार्ग तसाच राहिला आणि कुर्डुवाडीस प्रत्येक पोते एका गाडीतून दुसरीत चढविण्याचा खर्चही तसाच राहिला. ट्रकला ही अडचण नव्हती. २००७-०८ च्या सुमारास रुंदीकरण पूर्ण झाले तेव्हा नवे स्थानक शहराच्या बाहेरच्या अंगास गेले होते आणि शहरातील जुने रूळ उखडले गेले होते. 'जुनी रेल्वे लाईन' हे शब्द मात्र लातूरकरांच्या पत्त्यांत टिकून आहेत.

स्थानक दूर गेल्याने गोलाई ओस पडली काय? तसे झाले नाही, आणि खरा विचारणीय प्रश्न येथेच आहे. भुसार मालाचा घाऊक व्यापार रस्त्याने चालू लागून बाजार समितीच्या आवारात स्थिरावला होता. गोलाईत किरकोळ व्यापार व गर्दी उरली. म्हणजे स्थानकाने जन्म दिलेला बाजार स्थानकाविना जगला, पण त्याचे कार्य पालटले. मग ज्या पेठेचे मूळ काम दुसरीकडे गेले आहे, तिच्याजवळ पुन्हा वाहतूककेंद्र आणल्याने ते काम परत येईल असे गृहीत धरणे इतिहासाला धरून होणार नाही. उलट, शहराच्या मध्यातून गेलेली सलग, सपाट पट्टी एकदा तुकड्यातुकड्यांनी वापरात आली की ती पुन्हा जुळविणे जवळजवळ अशक्य असते. रूळ काढताना ह्या पट्टीची किंमत केवळ जमिनीच्या भावाने मोजली गेली असेल, तर ती फार कमी मोजली गेली.

रुंदीकरणाचे श्रेयही नाकारता येणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली, ती ह्याच रुंद झालेल्या मार्गाने. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी उतरले.