ऑर्गनचा खर्ज आणि रॉकसंगीत

इंग्लंडातील ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ संगीताच्या भरभराटीचा काळ म्हणजे साधारणतः १९६९ ते १९७७. ‘किंग क्रिम्झन’च्या १९६९ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मेलोट्रॉन घुमला. त्याच्या प्रत्येक पट्टीमागे सुमारे आठ सेकंदांची ध्वनिफीत असे; पट्टी अधिक वेळ दाबून धरावी तर स्वरच संपे! पुढे ‘येस’ या वृंदाच्या रिक वेकमनने स्वित्झर्लंडमधील वेवे गावच्या सेंट मार्टिन चर्चचा खराखुरा ऑर्गन वाजविला आणि ते सूर दूरध्वनीच्या तारांवरून मॉन्त्रोच्या ध्वनिमुद्रणगृहात पोहोचविले. या मंडळींना अतिविस्ताराचा सोस होता, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु उपासनेच्या वेळी ऑर्गनचा खर्ज ज्याने छातीत अनुभवला असेल, त्याला हा खटाटोप व्यर्थ वाटणार नाही. ती ध्वनिमुद्रिका १९७७ च्या जुलैत निघाली. तोवर लंडनमध्ये दोन-तीन मिनिटांच्या पंक गीतांची सद्दी सुरू झाली होती.