मळ्याबाहेरची रोटी

परगावी बदली होऊन आलेल्या माणसाला क्वार्टरसाठी महिनोन्‌महिने थांबता येते. भुकेसाठी एक संध्याकाळही थांबता येत नाही. म्हणून ट्रंक कोठेतरी टेकवून जो पहिला मराठी माणूस भेटेल त्यास आपण विचारतो, "इथे बाहेर जेवायचे कुठे?" कोलकात्यास आलो त्या दिवशी आम्हीही हाच प्रश्न केला होता, आणि ह्या पानांच्या बहुतेक वाचकांनी तो आपापल्या नेमणुकीच्या गावी केला असेल.

गेल्या वर्षी हाच प्रश्न आम्हांस उलट विचारला गेला. आमच्या परिचयाच्या एका अधिकाऱ्यांना काही महिन्यांच्या कामासाठी कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर जाण्याचा हुकूम आला. गृहस्थ शाकाहारी. आमचा इतिहासवाचनाचा नाद त्यांस ठाऊक होता. ते म्हणाले, "अहो, तुम्ही एवढी पुस्तके वाचता, मग त्या बेटावर आमच्यासारख्याने जेवावे कुठे, एवढे तरी सांगा." आम्ही त्रिनिदाद पाहिलेले नाही. परंतु कारकुनाला टिपण करण्याची सवय असतेच. वाचलेल्या माहितीवरून अर्ध्या पानाची यादी करून द्यावी म्हणून बसलो, आणि यादीतल्या प्रत्येक पदार्थामागे आमच्याच शहरातील एक घाट उभा असलेला दिसू लागला.

कोलकात्यात हुगळीच्या काठी गार्डन रीच नावाचा भाग आहे. मळ्यांवर पाठवावयाच्या करारबद्ध मजुरांना जहाज सुटेपर्यंत ठेवण्याचे निरनिराळ्या वसाहतींचे डेपो ह्या परिसरात होते. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली आणि १८३८ साली गुलाम खरोखरीचे मोकळे झाले. ते मळे सोडून जाऊ लागताच ऊस तोडण्यास माणसे कमी पडू लागली. ती उणीव हिंदुस्थानातून भरून काढण्यात आली. 'फतेल रझाक' नावाचे जहाज कोलकात्याहून निघून शंभरावर दिवसांच्या प्रवासानंतर ३० मे १८४५ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला लागले. त्यावर सुमारे २२५ माणसे होती. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे ह्या बेटावर उतरली. बहुतेक भोजपुरी आणि अवधी बोलणाऱ्या मुलखांतील होती, काही मद्रासकडील.

ह्या माणसांपुढे 'बाहेर कुठे जेवावे' हा प्रश्न नव्हता, कारण त्यांना बाहेर जाण्याचीच मोकळीक नव्हती. करार पाच वर्षांचा. मजुरी धडधाकट पुरुषास एका दिवसाच्या नेमलेल्या कामामागे २५ सेंट. आरंभीच्या काळात मळेवाला तांदूळ, डाळ असा शिधा देई आणि त्याची किंमत मजुरीतून कापून घेई. मळ्याची हद्द ओलांडावयाची तर व्यवस्थापकाच्या सहीचा कागद जवळ हवा. तो नसताना रस्त्यावर सापडल्यास तुरुंग. रजेचा अर्ज नामंजूर झाला की आपण कुरकुरतो. परंतु रजेचा कागद खिशात नाही एवढ्यावरून कोणी आपल्याला कोठडीत घालीत नाही. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी मोहरमचे ताबूत घेऊन मजूर मनाई हुकमाविरुद्ध सॅन फर्नांडो शहरात शिरू लागले, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला. कित्येक ठार झाले आणि शंभरावर जखमी. ताबुतांत हिंदूही सामील होत असत. मळ्याच्या माणसाने गावात पाऊल टाकण्यास एवढी किंमत होती.

तेव्हा जे काही शिजे ते मळ्यावरच्या बराकीत, आपल्या चुलीवर. नेहमीच्या डाळी मिळत नसत, म्हणून पिवळा वाटाणा दळून पोळीत भरू लागले. त्यातून 'दालपुरी' झाली. पुरणपोळीत गुळाऐवजी जिरे, तिखट आणि मीठ घातले अशी कल्पना करावी, म्हणजे ती वाचकांस कळेल. कोथिंबिरीच्या जागी तिच्याच वासाची, लांब पानांची एक रानटी वनस्पती मिळाली. तिला ते 'बनधनिया' म्हणू लागले. अळू मात्र तेथेही भरपूर होता. त्याच्या पानांना पीठ लावून तळलेली 'सहिना' आपल्या अळूवडीची सख्खी बहीण शोभेल.

१८६९ पासून काही वर्षे परतीच्या जहाजभाड्याऐवजी सरकारी जमीन देण्याचा प्रघात पडला. अनेकांनी ती घेतली, इतर अनेक आपल्या कमाईवर तेथेच राहिले, आणि मळ्यांच्या आसपास हिंदी गावे वसली. ज्या प्रथेने त्यांस तेथे नेले ती बंद व्हावी म्हणून आपल्याकडे आवाज उठला, त्यात एक आवाज आपल्या परिचयाचा आहे. ४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत सर्वस्वी बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. चार वर्षांनी पंडित मदनमोहन मालवीय यांनी मांडलेला ठराव सरकारने स्वीकारला आणि १९१७ साली मजूर नेणे थांबले. त्रिनिदादच्या एखाद्या रोटीवाल्यास गोखल्यांचे नाव ठाऊक असेल वा नसेल; परंतु मळ्याच्या हद्दीबाहेर त्याची गाडी उभी राहिली त्यात त्या फेटाळलेल्या ठरावाचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते.

कागद गेला, तरी लाज राहिली. रोटी हे 'कुली'चे अन्न समजले जाई. शहरातल्या शाळेत जाणारी हिंदी मुले घरून आणलेली रोटी इतरांच्या नजरेआड खात. पाव आणणाऱ्या मुलाचा डबा तेवढा उघड्यावर उघडे. ह्या लाजेवर उतारा कोणत्याही कायद्याने दिला नाही. तो रस्त्यावर उभ्या असलेल्या विक्रेत्यांनी दिला.

सॅन फर्नांडोच्या पूर्वेस प्रिन्सेस टाऊन नावाचे गाव आहे. तेथे १९३६ च्या सुमारास ईमामुल दीन आणि त्यांच्या पत्नी रसूलन यांनी मसाल्याचे हरभरे विकण्याचा व्यवसाय चालविला होता. हळद घातलेल्या मैद्याची, तळलेली मऊ चकती करून तिच्यावर ते हरभरे देऊ लागले. ह्या चकतीला 'बारा' म्हणतात. आपल्या वड्याचेच ते उत्तरेकडील नाव, समुद्र ओलांडून गेलेले. गिऱ्हाईक म्हणे, एक नको, डबल करा. दोन चकत्यांमध्ये हरभरे बसले आणि पदार्थाचे नाव 'डबल्स' पडले. कागदात गुंडाळून, उभ्या उभ्या, हाताने खाण्याची ही वस्तू. स्वस्त आणि गरम असल्यामुळे ती विकत घेताना कोणी गिऱ्हाइकाची जात वा वर्ण पाहिला नाही, आणि गिऱ्हाइकानेही विक्रेत्याचा पाहिला नाही. पहिले जहाज लागल्याला तेव्हा नव्वद वर्षे होऊन गेली होती.

आज आफ्रिकन, हिंदी, चिनी, मिश्र, सर्व वंशांची माणसे सकाळी कामावर जाताना एकाच गाडीभोवती उभी राहून डबल्स खातात. जवळच्या टोबॅगो बेटावर वस्ती मुख्यतः आफ्रिकन वंशाची. परंतु तेथील स्टोअर बेच्या किनाऱ्यावर बायका विकतात तो नामांकित पदार्थ म्हणजे खेकड्याची 'करी' आणि कणकेचे उकडलेले गोळे.

आता आमच्या स्नेह्यांस दिलेली यादी येथे उतरवितो. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये प्रथम सेंट जेम्स भागात जावे. तेथील रस्त्यांची नावे कलकत्ता, बॉम्बे, मद्रास, लखनौ, बनारस, पाटणा अशी आहेत. पूर्वी तेथे उसाचा मळा होता. वेस्टर्न मेन रोडवर रात्री उशिरापर्यंत खाणे मिळते. रोटीच्या दुकानात दालपुरी मागावी, आत बटाटा, हरभरा किंवा भोपळा. दुसरा प्रकार 'बस-अप-शट'; हा तव्यावरच उलथन्याने बडवून चिंध्या केलेला पराठा. फाटक्या सदऱ्यासारखा दिसतो म्हणून इंग्रजीत तसे नाव पडले आणि बोलण्यात ते असे झिजले. सकाळी डबल्ससाठी क्युरेपचा चौक. दक्षिणेस गेल्यास डेबे गावी रस्त्याच्या कडेने सहिना, फुलौरी, कचौरी. संध्याकाळी क्वीन्स पार्क सव्हानाच्या विस्तीर्ण मैदानाकाठी शहाळी आणि मक्याचे सूप. सूप घेताना त्यात मांस नाही ना, हे शाकाहाऱ्याने विचारावे. टेबलखुर्चीचीच हौस असेल तर आरियापिटा ॲव्हेन्यूवर हॉटेले आहेत. मासे चालणाऱ्याने माराकासच्या किनाऱ्यावर तळलेल्या पावातला शार्क चुकवू नये. आणि डबल्सवाल्याने 'पेपर'विषयी विचारले तर 'स्लाइट' म्हणावे. तो मिऱ्याचा नव्हे, अतिशय तिखट मिरचीचा ठेचा असतो.

यादी येथे संपते. परंतु तिच्यात आम्हांस बोचणारी एक गोष्ट आहे. ज्या उसासाठी ही माणसे नेली त्याची सरकारी कंपनी २००३ साली बंद झाली. साखर गेली, रोटी राहिली. आणि भाषाही जवळजवळ गेली. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ३५ टक्के लोक हिंदी वंशाचे होते. पण त्यांच्या घरांत इंग्रजीच चालते, आणि भोजपुरी नीट बोलणारी माणसे फार थोडी उरली आहेत. तवा, बेलना, चुल्हा, जिऱ्याचा 'गीरा', हळदीची 'हरदी', फोडणीचा 'छौंक', एवढे शब्द स्वयंपाकघरात टिकले. ज्या शब्दांची पोटाला रोज गरज होती तेवढेच जगले.

आम्ही काही कराराने बांधलेले मजूर नव्हे. भविष्यनिर्वाह निधी आणि रजाप्रवास सवलत असलेली माणसे आहोत, आणि दोघांची तुलना करणे हा त्या मजुरांचा उपमर्द होईल. तरीही आमच्या घरात मुलगी जेवताना जे मराठी शब्द सहज वापरते ते आम्ही एकदा मनात मोजले, तेव्हा पोळी, वरण, आमटी, भाकरी, चटणी हेच पुढे आले. मागील पावसाळ्यात तिने आईला सांगितले होते की शाळेच्या डब्यात थालीपीठ देऊ नकोस, ब्रेड दे. थालीपीठ पाहून मुली हसतात. प्रिन्सेस टाऊनची हकीकत वाचल्यावर ती आम्ही तिला सांगितली. तिने ऐकून घेतली, आणि डबल्समध्ये चीज घालतात का, एवढेच विचारले.

आमच्या सांगण्यावरून थालीपीठ आता आठवड्यातून एकदा डब्यात जाते. कधी डबा रिकामा येतो, कधी तसाच परत येतो. आम्ही त्यावर काही बोलत नाही.