दोन तास चाळीस मिनिटे

१९०२-०३, एल्बिंग

पहिल्या महायुद्धातल्या एका लढाईचा हा घटनाक्रम त्या लढाईच्या दिवशी सुरू होत नाही. तो सुरू होतो शिखाऊ कंपनीच्या एल्बिंगच्या गोदीत, जिथे त्या लढाईतल्या जर्मन टॉर्पेडो बोटी बांधल्या गेल्या. जर्मन आरमार आपल्या टॉर्पेडो बोटींना नावे देत नसे. गोदीचे आद्याक्षर आणि क्रमांक एवढीच त्यांची ओळख. फुल्कानच्या बोटी ‘व्ही’, गेर्मानियाच्या ‘जी’, शिखाऊच्या ‘एस’. एस ११५, एस ११७, एस ११८ आणि एस ११९ या बोटींची लांबी सुमारे ६३ मीटर आणि वजन ४०० टनांच्या आसपास. तीन टॉर्पेडो नळ्या, पाच सेंटिमीटरच्या तीन तोफा, आणि आत साठेक माणसे. रात्री मोठ्या युद्धनौकेच्या जवळ सरकायचे, टॉर्पेडो सोडायचे आणि अंधारात नाहीसे व्हायचे, हे त्यांचे काम. भरदुपारी मोकळ्या समुद्रात कुणाशी तोफांनी झुंजायचे, हा विचार त्या बांधणीत कुठेच नव्हता.

६ ऑक्टोबर १९१४

या बोटींच्याच तुकडीतली, म्हणजे सातव्या अर्धफ्लोटिलातली, एस ११६ एम्स नदीच्या मुखाजवळ बुडाली. मॅक्स हॉर्टनच्या ई ९ या ब्रिटिश पाणबुडीने तिला टिपले. घरच्या उंबरठ्यावरच एक बोट गेली. उरल्या चार.

१७ ऑक्टोबर, उजाडण्यापूर्वी

चारही बोटी एम्समधून बाहेर पडल्या. मद्रासवर २२ सप्टेंबरला गोळे टाकणाऱ्या ‘एम्डन’ क्रूझरला ज्याचे नाव दिले होते, ते बंदर याच नदीच्या मुखाशी आहे. बोटींचा प्रमुख होता कॉर्व्हेट-कॅप्टन गेऑर्ग टीले. हुकूम असा, की इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आणि थेम्सच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरून यायचे. बेल्जियमच्या किनाऱ्यावर त्याच आठवड्यात निकराची लढाई पेटत होती, म्हणून ही घाई समजू शकते. पण अकरा-बारा वर्षांच्या, कोळशावर चालणाऱ्या या बोटींना मोठ्या जहाजाची सोबत न देता शत्रूच्या अंगणात पाठवले, हे मला आजही पटत नाही. वाटेवर ब्रिटिशांची हार्विचची तुकडी गस्त घालते, हे काही गुपित नव्हते.

दुपारी १:५०

हॉलंडच्या टेक्सेल बेटाच्या नैर्ऋत्येला सुमारे पन्नास मैलांवर उत्तरेकडे निघालेल्या ब्रिटिश तुकडीला चार बोटी दिसल्या. एकमेकींपासून अर्ध्या मैलावर, एका रांगेत. ब्रिटिशांकडे ‘अनडॉन्टेड’ ही नवीकोरी क्रूझर आणि लान्स, लेनॉक्स, लीजन, लॉयल या चार विनाशिका होत्या. जर्मन बोटींनी तोंड फिरवले नाही, तोफाही डागल्या नाहीत. समोरची जहाजे आपलीच, असा त्यांचा समज झाला असावा, असे ब्रिटिशांना वाटले. पळायला जी थोडी मिनिटे हाताशी होती, ती अशी गेली.

अनडॉन्टेडचा कप्तान सेसिल फॉक्स याच्याबद्दल इथे थांबून सांगायला हवे. युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी, ५ ऑगस्टला, तो ‘अँफियन’ क्रूझरवर होता. पाणसुरुंग पेरणाऱ्या ‘कोनिगिन लुईज’ या जर्मन जहाजाचा त्याच्या तुकडीने फडशा पाडला. त्या दिवशी पहिला गोळा झाडला होता तो याच लान्सने, आणि ब्रिटिश आरमाराची या महायुद्धातली ती पहिली तोफ. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या वाटेवर अँफियन त्याच जहाजाने पेरलेल्या सुरुंगांवर आदळली. सुमारे दीडशे माणसे गेली. त्यांत आदल्या दिवशी पाण्यातून वाचवलेले काही जर्मन कैदीही होते. फॉक्स वाचला. आता दहा आठवड्यांनी तोच माणूस, सोबत तीच लान्स, आणि समोर पुन्हा सुरुंग पेरायला निघालेले जर्मन.

दुपारी २ नंतर

अनडॉन्टेडने सर्वांत जवळच्या एस ११८वर तोफा डागल्या. रांग फुटली, बोटी पांगल्या. जर्मन भट्ट्यांपाशी कोळसा फावड्याने ओढणारी माणसे आणि मागे तेलावर धावणारी ब्रिटिश जहाजे, अशी ती शर्यत. विनाशिकांच्या चार इंची तोफांचा एकेक गोळा चौदा किलोचा, क्रूझरच्या सहा इंचीचा पंचेचाळीस किलोचा. जर्मन तोफेचा गोळा दोन किलोच्या आसपास. गोळे येऊन आदळत होते तेव्हा बदल्यात तोफांनी फारसे काही करता येत नव्हते.

३:१७

लीजन, लॉयल आणि अनडॉन्टेड यांच्या माऱ्याने एस ११८चा ब्रिज डेकवरून उडाला. बोट बुडाली.

३:३०

एस ११७ आणि एस ११९ यांनी अनडॉन्टेडवर चाल करायचा प्रयत्न केला होता. या लढाईत त्यांच्या हाती एकच शस्त्र होते, टॉर्पेडो, आणि ते वापरायचे तर जवळ जाणे भाग होते. एस ११७ने उरलेले तीन टॉर्पेडो लीजनवर सोडले. ते संपल्यावर ती छोट्या तोफेने लढत राहिली. सुकाणू निकामी होऊन ती जागच्या जागी गोल फिरू लागली, आणि तशीच बुडाली.

३:३५

एस ११९चा एक टॉर्पेडो मात्र बरोबर लागला. लान्सच्या ऐन मध्यावर. एका टॉर्पेडोसाठीच तर ही सगळी बोट बांधलेली असते, हे इंजिन, या नळ्या, ही माणसे. तो धडकला आणि फुटला नाही.

लान्स आणि लॉयल यांनी एस ११९ बुडवली. टीले तिच्यासोबत गेला. पुढे जर्मनीने एका विनाशिकेला त्याचे नाव दिले. तीही एप्रिल १९४० मध्ये नार्विकला संपली.

४:३०

एस ११५चे सुकाणू केव्हाच तुटले होते. लेनॉक्सच्या माऱ्याने ब्रिज गेला तरी तिने निशाण उतरवले नाही. अखेर ब्रिटिश खलाशी तिच्यावर चढले, तर आत एकच जिवंत माणूस सापडला. रिकाम्या सांगाड्यावर अनडॉन्टेडने शेवटचे गोळे टाकले.

दोनशेहून अधिक जर्मन खलाशी मेले. पाण्यातून आणखी तीस जण काढले गेले. ब्रिटिशांकडे मोजके जखमी, मेलेला कोणी नाही.

१८ ऑक्टोबर

वाचलेल्यांच्या शोधात जर्मनांनी ‘ओफेलिया’ हे रुग्णालय जहाज पाठवले. ब्रिटिशांनी ते हेरगिरीच्या आरोपाखाली ताब्यात घेतले.

३० नोव्हेंबर

टीलेने मरण्यापूर्वी आपले कर्तव्य चुकवले नव्हते. सांकेतिक पुस्तके शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून एस ११९वरून शिशाचे अस्तर असलेली पेटी समुद्रात टाकली गेली होती. टेक्सेलच्या आसपासचा तो समुद्र उथळ, मच्छीमारांच्या रोजच्या वाटेवरचा. सहा आठवड्यांनी एका ब्रिटिश ट्रॉलरने जाळे ओढले, तर त्यात मासळीबरोबर ती पेटी आली.

पेटीतले सांकेतिक पुस्तक लंडनला आरमारी मुख्यालयात, सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ‘रूम ४०’मध्ये पोहोचले. ‘माग्डेबुर्ग’ या जर्मन क्रूझरवरचे एक तिथे रशियाकडून आधीच आले होते, व्यापारी जहाजांचे दुसरे ऑस्ट्रेलियातून मिळाले होते. जर्मन आरमाराच्या तीन मुख्य सांकेतिक पुस्तकांपैकी हे तिसरे.