हाताची किंमत आणि हाताखालचा माणूस

उजवा हात कोपराशी किंवा त्याच्या वर तुटला तर शेकडा ७०, डावा तुटला तर शेकडा ६०. एक डोळा गेला तर ३०, अंगठा गेला तर २५, तर्जनी गेली तर १०. हे कोठल्या बाजारातले भाव नव्हेत. १९२३ साली आपल्या देशात झालेल्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचे हे पहिले परिशिष्ट होय. १ जुलै १९२४ पासून तो कायदा अमलात आला.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे या परिशिष्टाला नावे ठेवीत नाही. तत्पूर्वी पट्ट्यात हात सापडला तर मालकाच्या मनात येईल ते घ्यावे आणि गावाकडची वाट धरावी, अशीच बहुधा रीत होती. मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांच्या वतीने बोलणारे नारायण मल्हार जोशी यांच्यासारखे माणूस त्या काळी विरळा. मर्जीच्या जागी आकडा आला, ही गोष्ट लहान नव्हे.

पण आकडा पुरता वाचावा. संपूर्ण व कायमच्या अपंगत्वाला बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम ठरली होती. महिना तीस रुपये मिळविणाऱ्याचे पुरते १,२६० होत. उजव्या हाताचे त्यातून ८८२, डाव्याचे ७५६. म्हणजे उजव्याडाव्यात अंतर १२६ रुपयांचे! (डावखुऱ्या कामगाराने काय करावे, हे परिशिष्ट सांगत नाही.) रक्कम एकदाच हाती पडे. तिला वाट पाहणारे वाणी आणि सावकार आधीच दारात असत.

ही सारी किंमत गेलेल्या कमाईची होती. माणसाला रोज लागणाऱ्या मदतीची किंमत त्यात कोठेच नव्हती. दोन्ही हात गेलेल्याला आंघोळ कोणी घालावयाची, सदऱ्याची बटणे कोणी लावावयाची, घास कोणी भरवावयाचा? चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत याचे उत्तर कायद्याने न सांगता ठरून जाई : बायको, नाही तर आई. ती स्वतः कामावर जाणारी असली तर तिचाही पगार बुडे. पण तो बुडालेला पगार कोणत्याही हिशेबात कोणी मांडला नाही.

१९४४ साली प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याची सुरुवात झाली. कायमच्या अपंगत्वाला आता दरमहा भत्ता मिळू लागला. आमच्या मते एकरकमी पैशाहून ही मोठी सुधारणा होती. मात्र इंग्लंडात १९४६ च्या कायद्याने, सतत कोणी तरी जवळ लागणाऱ्या जखमी कामगाराच्या निवृत्तिवेतनात त्यासाठी वेगळी भर घातली होती. घरच्या माणसाच्या श्रमाला मोल असते, एवढे तरी तेथे कागदावर आले.

आपल्याकडे सोयी झाल्या नाहीत असे नाही. पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली लढाईतल्या जखमी शिपायांसाठी निघाले. मुंबईत हाजी अलीला १९५५ साली पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था झाली. मांडी घालून बसता यावे, अनवाणी चालता यावे, असा जयपूरचा पाय १९६८ साली तयार झाला. परंतु शहरात बसवलेल्या पायाचा पट्टा कोकणातल्या वाडीवर तुटला, तर त्या पट्ट्यासाठी माणसाने पुन्हा शहरच गाठावयाचे.

१९९५ चा कायदा सात प्रकारच्या अपंगत्वांचा होता. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले. त्याच्या २४ व्या कलमात अधिक आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. ज्या बाईचा पगार कोणी मांडला नव्हता, ती इतक्या वर्षांनी कायद्यात आली! पण त्याच कलमाच्या आरंभी, सरकारने या योजना आपल्या आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत कराव्यात, असे शब्द आहेत. १९२३ साली गिरणीमालकाला त्याची कुवत कोणी विचारली नव्हती. त्याच्यापुढे सरळ ७० हा आकडा ठेवला होता. सरकारच्या कुवतीचे मोजमापही उपलब्ध आहे. केंद्राने २००९ साली दारिद्र्यरेषेखालच्या अतितीव्र अपंगांना दरमहा २०० रुपये सुरू केले, आणि २०१२ साली त्याचे ३०० केले.