मंदीतील दोन पगार

मंदी आली की सरकारी नोकर सुखरूप राहतो आणि खासगी नोकर मात्र भरडला जातो, हा समज आपल्या समाजात इतका मुरला आहे की मुलीला स्थळ पाहताना वधूपिता आजही आधी नोकरी सरकारी की खासगी हे विचारतो आणि मग पत्रिका मागतो. कांदिवलीसारख्या उपनगरात हा प्रश्न परक्याचा नाही. एकाच चाळीत एका खोलीत रेल्वेचा कारकून, शेजारी बँकेतला, त्याच्या पलीकडे कारखान्यातला फिटर अशी वस्ती येथे अनेक वर्षे नांदली. तेव्हा हा समज कितपत खरा आहे, हे इतिहासाला विचारून पाहावे असे आम्ही ठरविले.

५ जानेवारी १९२८ रोजी कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि दूर राहून मुंबईत नोकरी करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. कांदिवली मुंबई महापालिकेत आली ती पुष्कळ नंतर, १९५७ साली. पण महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाला उपनगराची वाट या विजेच्या गाडीने मोकळी करून दिली. त्यानंतर दोन वर्षेही पुरती लोटली नाहीत तोच, १९२९ च्या अखेरीस, अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली.

आपल्या देशात या मंदीचे रूप होते ते मुख्यत्वे भाव उतरण्याचे. कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक १९१४ चा जुलै महिना शंभर धरून १९२९ साली १४१ होता. १९३३ साली तो ८७ वर आला. शेतकरी यात बुडाला. सरकारचे उत्पन्नही घटले. सप्टेंबर १९३१ मध्ये अर्थमंत्री सर जॉर्ज शुस्टर यांनी मध्येच एक जादा अंदाजपत्रक मांडले. त्यात कर वाढले आणि सरकारी नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात आली. त्याच महिन्यात खुद्द इंग्लंडातही सरकारी पगार कापले गेले, आणि इन्व्हरगॉर्डन येथे ब्रिटिश आरमाराच्या खलाशांनी कामावर जाण्याचे नाकारले. आपल्याकडचे कारकून तितक्या थराला गेले नाहीत. त्यांनी अर्ज केले, सभा भरविल्या आणि वाट पाहिली.

ती वाट पाहणे फुकट गेले नाही. १९३३ साली कपात दहाची पाच टक्के झाली आणि १९३५ साली ती उठली. आता थोडा हिशोब करू. १९२९ साली ज्याला शंभर रुपये पगार होता त्याच्या हाती कपातीनंतर नव्वद उरले. परंतु घाऊक बाजारात जो माल तेव्हा शंभर रुपयांना पडे तो १९३३ साली सुमारे बासष्ट रुपयांना मिळू लागला होता. खोलीचे भाडे आणि मुलांची फी घाऊक भावाप्रमाणे उतरत नाही हे आम्ही जाणतो. तरीही नोकरी टिकलेल्या माणसाची स्थिती आकड्यांत पाहता बिघडली नव्हती, किंबहुना थोडी सुधारलीच होती. कपातीचे दुःख खरे होते. पण ते बरेचसे मानाचे दुःख होते.

गिरणगावात निराळा कारभार होता. तेथे पगारकपातीची कथा मंदीच्याही आधीची. १९२५ साली मालकांनी साडेअकरा टक्के कपात जाहीर केली तेव्हा मोठा संप झाला. सरकारने कापडावरील अबकारी जकात स्थगित केल्यावर मालकांनी कपात मागे घेतली. १९२८ सालचा संप तर सहा महिने चालला. मंदी तीव्र झाल्यावर, १९३३ पासून, गिरण्यांनी महागाई भत्त्याला हात घातला, आणि तोही ज्याने त्याने आपापल्या मर्जीप्रमाणे. शेजारशेजारच्या दोन गिरण्यांत एकाच कामाला निरनिराळी मजुरी पडू लागली. काही गिरण्यांना टाळे लागले. अखेर एप्रिल १९३४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि मजुरी व बेकारी यांची चौकशी सरकारच्या लेबर ऑफिसला करावी लागली. सरकारी कपातीला सुरुवातीची तारीख होती, प्रमाण होते, शेवटही होता. गिरणीतल्या कपातीला यांपैकी काहीच नव्हते. ज्याचे काम गेले तो जॉबरच्या मागे बदली म्हणून उभा राहिला, नाहीतर रत्नागिरीला वा साताऱ्याला परतला. गावचे घर हाच त्याचा बेकारी भत्ता.

येथवर जुना समज खरा ठरल्यासारखा वाटतो. परंतु रेल्वेकडे पाहिले म्हणजे तो डळमळतो. जी. आय. पी. रेल्वे १९२५ साली सरकारच्या ताब्यात आली होती. मंदीत वाहतूक घटताच रेल्वेने कामगार कमी करण्यास आरंभ केला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि १९३१ साली त्याबद्दल चौकशी न्यायालय नेमावे लागले. मालक सरकारच होते. म्हणजे ज्याची जागा कायम त्याचे दहा टक्के गेले, आणि ज्याची जागा कच्ची त्याचे सर्वच गेले. हीच रेघ गिरणीतही होती. तेथे तिला कायम आणि बदली अशी नावे होती इतकेच.

आणखी एक गोष्ट घडली, जिची चर्चा फारच थोडी होते. १९३१ च्या मध्यानंतर नोकरीस लागणाऱ्यांसाठी सरकारने पगाराच्या नव्या, उतरत्या श्रेणी केल्या. जुन्यांची कपात १९३५ साली उठली. या श्रेणी मात्र तशाच राहिल्या. एकाच टेबलावर बसणारे दोन कारकून, काम एक, पगार दोन. १९४७ च्या पहिल्या वेतन आयोगासमोरही १९३१ पूर्वीचे आणि नंतरचे हा भेद होताच. मंदीचा सर्वांत लांबलेला भार पडला तो मंदी आली तेव्हा ज्यांनी नोकरीचा अर्जही केला नव्हता अशा मुलांवर. सभेत त्यांच्या बाजूने उठणार कोण?

ही रीत पुढेही संपली नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद केले. तेव्हा मंदी नव्हती, हे खरे. पण हत्यार तेच. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी त्यासाठी संपावर गेले.

आणि २०२० चे साल तर आपण सर्वांनी पाहिले. मार्चअखेर राज्य सरकारने वरच्या दोन वर्गांचा निम्मा आणि तिसऱ्या वर्गाचा पाव पगार कापण्याचे जाहीर केले. ओरड होताच, कपात नव्हे, पगार दोन हप्त्यांत देऊ असा खुलासा आला. केंद्राने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठविले. खासगी मालकांनी पूर्ण वेतन द्यावे असा आदेश २९ मार्चला निघाला आणि मे महिन्यात मागे घेतला गेला. १५ जूनला लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी. कांदिवली स्थानकाच्या दारात ओळखपत्र पाहून एकाला आत सोडीत आणि दुसऱ्याला परत पाठवीत. त्या दुसऱ्यांपैकी कित्येकांना जायला कचेरीच उरली नव्हती. ज्यांना होती, त्यांनाही १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही ठरावीक वेळांतच प्रवासाची मुभा मिळाली.

गोठविलेला भत्ता जुलै २०२१ पासून १७ वरून २८ टक्के झाला. मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मात्र दिली गेली नाही. त्यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचले असे सरकारने संसदेत सांगितले. सरकारी नोकराने सोसलेल्या तोट्याचा असा नेमका आकडा निदान दप्तरात आहे. त्याच वर्षी ज्यांचा पगार दुकानांतून, हॉटेलांतून, लहान कारखान्यांतून तोंडी निरोपाने थांबला, त्यांचा हिशोब कोणत्याच दप्तरात मांडलेला नाही.