बंद दाराआडची बंधुता



लॉज म्हटलं की आपल्याला एसटी स्टँडजवळची, रात्रीपुरती खोली देणारी पाटी आठवते. आज आपण बोलणार आहोत ते लॉज वेगळं. ते आहे फ्रीमेसन लोकांचं. मेसन म्हणजे गवंडी. पूर्वी इंग्लंडात मोठी चर्च बांधणारे गवंडी कामाजवळच्या ज्या खोपटात बसत, जेवत, हत्यारं ठेवत, त्याला लॉज म्हणत. पुढे गवंडीकाम न करणारे शिकलेले लोकही त्यात आले. गुण्या आणि कंपास या खुणा मात्र त्यांनी जपल्या. गुण्या भिंतीचा कोन सरळ आहे का ते दाखवतो, तसं माणसानंही सरळ वागावं, असा त्याचा अर्थ.

१७२५ च्या सुमारास ही लॉज फ्रान्समध्ये पोहोचली. त्या काळी तिथे सरदार वेगळा, पाद्री वेगळा आणि बाकी सगळी रयत वेगळी. लॉजमध्ये मात्र सरदार आणि व्यापारी एकमेकांना भाऊ म्हणत. वर्गणी भरत, मत टाकून अध्यक्ष निवडत, अडलेल्या भावाला मदत करत. आपल्या बचत गटासारखंच की हे! १७७३ मध्ये 'ग्रँड ओरिएंट' ही त्यांची मोठी संस्था झाली. पुढे फ्रान्सच्या राजकारणात आणि शाळा धर्मसंस्थेपासून वेगळ्या करण्याच्या चळवळीत या भावांचा मोठा वाटा राहिला.

पण भाऊ म्हणजे भाऊच. १७२३ मध्ये लंडनला छापलेल्या त्यांच्या नियमांत गुलाम आणि स्त्रिया यांना मज्जाव होता. फ्रान्समध्ये १७७४ मध्ये बायकांसाठी 'दत्तक' लॉजना मान्यता मिळाली, पण ती पुरुषांच्या लॉजच्या देखरेखीखाली. नाव दत्तक, आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात.

मग आल्या मारिया देरेम. बायकांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या, सभा गाजवणाऱ्या. १८८२ मध्ये पॅरिसजवळच्या एका लॉजने वरच्या संस्थेचा नियम बाजूला सारून त्यांना सभासद केलं. पण ते लॉज पुन्हा मूळ संस्थेत गेलं आणि मारियाबाई बाहेर राहिल्या. त्या गप्प बसल्या नाहीत. १८९३ मध्ये जॉर्ज मार्तां यांच्या सोबतीनं त्यांनी स्त्री-पुरुष दोघांची एकत्र संस्था उभी केली. ॲनी बेझंट १९०२ मध्ये याच संस्थेत आल्या आणि त्यांनी तिची लॉज भारतातही सुरू केली. ग्रँड ओरिएंटनं मात्र आपल्या लॉजना बायका घ्यायची मोकळीक दिली ती थेट २०१० मध्ये.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. माणकजी करसेटजी नावाचे पारशी गृहस्थ होते. मुंबईतल्या गोऱ्यांच्या लॉजचं दार त्यांना उघडलं नाही. ते विलायतेला गेले आणि अखेर पॅरिसच्या लॉजनं त्यांना भाऊ मानलं. १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे हिंदी लोकांनाही घेणारं लॉज काढलं, तेव्हा माणकजी त्यात होते. पुढे याच माणकजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा ही इंग्रजी शाळा काढली. लेकींना शिकवणं म्हणजे बिघडवणं, असं बहुतेकांना वाटायचं तो काळ. दाराबाहेर उभं राहणं काय असतं, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही बंधुता हा शब्द आहे. त्यात भाऊ आहेत तशा आपण बहिणीही आहोत.

हे सगळं वाचताना आम्हाला आमचाच गट आठवला. सलग तीन बैठका चुकल्या की नाव कमी, असा आमचा नियम. दसरा झाला की आमच्यातली एक बाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, ती उन्हाळ्यातच परतते. गेल्या वर्षी आम्ही तिचं नाव कमी केलं. कोणी भांडलं नाही, आवाज चढला नाही. नियम वाचला, सह्या केल्या, चहा प्यायलो. परत आल्यावर ती गटाच्या दिवशी ओसरीच्या पायरीवर बसली. आत ये, असं आमच्यापैकी एकीनंही म्हटलं नाही. ज्या बाईला कर्जाची गरज सगळ्यात जास्त, तिलाच आमच्या नियमानं बाहेर ठेवलं. वाईट मनानं नाही, सवयीनं.

म्हणून येत्या बैठकीत आम्ही नियम बदलायला घेतोय. तोडीच्या महिन्यांत तिची बचत तिच्या सासूबाईंनी भरली तर चालेल, आणि ठरावावर तिचं मत फोनवरून घेता येईल. बदल मंजूर होईल की नाही, ते आमच्याच हातात आहे.

तुम्हीही आपल्या गटाचं रजिस्टर एकदा उघडा. कोणाचं नाव कमी झालंय ते बघा, आणि ती बाई आज कुठे बसलीय तेही बघा.